संरक्षण मंत्रालय म्हणजे नक्की कोण कोण? (पारावरचा वाद इथे आणतोय)

येरळाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

परवा गावी (खटाव तालुका) वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर नेहमीप्रमाणे पारावर बैठक. आमच्या भावकीत फौजेची माणसं पोत्यानं. एक चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसरा बीएसएफमध्ये, धाकटे चुलते ग्रेफमधून (सरहद्दीवर रस्ते बांधणारं दल) रिटायर, एक भाचा खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत आणि माझी लेक यंदा एनसीसीत गेलीय. कुणीतरी सहज म्हणालं, "तुमचं अख्खं घर संरक्षण खात्यात."

झालं. मराठावाला म्हणाला, बीएसएफ आमच्यात येत नाही. बीएसएफवाला म्हणाला, मग मी बॉर्डरवर काय मेंढरं राखतो का? चुलते म्हणाले, आम्ही रस्ता केला नसता तर तुम्ही दोघं अजून चालतच असता. भाचा गप्प, कारण त्याची फॅक्टरी आता कंपनी झालीय आणि आपण सरकारी का कंपनीचे, हे त्यालाच कुणी नीट सांगेना.

घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. तिन्ही दलांना प्रमुख आहेत, वर सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) आहे. मग मंत्रालय म्हणून जे आहे ते स्वतः काय करतं? लढायचं काम तर त्यांचं नाही. जाणकारांनी सांगावं, म्हणजे पुढच्या जत्रेला पारावर तोंड उघडता येईल.

भाद्रपद | शनिवार, रात्री १०:०२

मंत्री विमानात बसतात, फोटो काढतात. धागा बंद करा. :)

अजिंक्यताऱ्याखाली | शनिवार, रात्री १०:४०

भाद्रपद, तुम्ही झोपा आता.

येरळाकाठ, तुमच्या घराची वाटणी आधी करून टाकू.

मराठा: संरक्षण मंत्रालय, प्रश्नच नाही. बीएसएफ: गृह मंत्रालय. सीआरपीएफ, आयटीबीपी, एसएसबी, सीआयएसएफ हे सगळे गृहकडेच. ग्रेफ: बॉर्डर रोड्सचा भाग, म्हणजे संरक्षण. खडकी: २०२१ च्या १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या ७ सरकारी कंपन्या केल्या. खडकीची फॅक्टरी गेली म्युनिशन्स इंडियामध्ये, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. मालक सरकार, वर संरक्षण मंत्रालयच. एनसीसी: संरक्षण. म्हणजे पाचातले चार आत आणि बंदूक घेऊन प्रत्यक्ष बॉर्डरवर उभा असलेला बाहेर. यावरून पारावर भांडण होणारच.

मंत्रालयात चार विभाग आहेत. संरक्षण विभाग, संरक्षण उत्पादन, संशोधन (म्हणजे डीआरडीओ) आणि माजी सैनिक कल्याण. कामवाटपाचे सरकारी नियम १९६१ चे आहेत. त्यात संरक्षण विभागाच्या वाट्याचं पहिलंच काम आहे भारताचं आणि त्याच्या प्रत्येक भागाचं संरक्षण. आणि त्या विभागाचा प्रमुख सचिव, म्हणजे आयएएस अधिकारी. आता बोला.

सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी ५:५५

एक दुरुस्ती. विभाग चार नाहीत, पाच. २०२० च्या जानेवारीपासून सैनिकी कार्य विभाग वेगळा झाला. त्याचे सचिव सीडीएस. पहिले जनरल बिपिन रावत. याआधी मंत्रालयात सचिवाच्या खुर्चीवर गणवेशातला माणूस कधी बसला नव्हता. भूदल, नौदल, हवाई दल, टेरिटोरियल आर्मी हे त्यांच्याकडे. मोठी भांडवली खरेदी मात्र संरक्षण विभागाकडेच ठेवली. कोस्ट गार्ड, बॉर्डर रोड्स, एनसीसी, कँटोन्मेंट पण तिकडेच.

सीडीएसच्या हाताखाली तिन्ही दलं लढाईत चालतात असा एक गैरसमज आहे. तसं नाही. तिन्ही प्रमुखांवर त्यांचा लष्करी हुकूम चालत नाही. ते सल्ला देतात, तिघांचा मेळ घालतात. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली, २००१ मध्ये मंत्रिगटानं या पदाची शिफारस केली आणि पद भरायला २०२० उजाडलं. फौजेत आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला की पिठ्ठू परेड (पाठीवर ओझं घेऊन पळायची शिक्षा) होती.

बीएसएफच्या भावाला माझा जय हिंद सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, सकाळी ८:१०

पाच. मान्य. माझं ज्ञान २०१९ ला थांबलेलं दिसतंय.

वाईकर_मास्तर | रविवार, सकाळी ९:३०

मूळ प्रश्न "लढत नाहीत तर करतात काय" असा आहे. याचं उत्तर आपल्या किल्ल्यांवर आहे.

शिवकाळात गडावर एकच धनी नसायचा. हवालदाराकडे गडाच्या किल्ल्या आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, तेल-तूप. तिघं एकमेकांना बांधलेले. हवालदार फितला तरी कोठार आणि दप्तर दुसऱ्यांच्या हातात. सबनिसाला तलवार नीट धरता येत नसेल, पण त्याच्या सहीशिवाय हवालदाराला शेरभर दारू मिळायची नाही. मंत्रालय म्हणजे आजचा सबनीस आणि कारखानीस. लढाई हवालदाराची, पण गडावर किती माणसं, किती दाणा, किती दारू आणि त्याला पैसा कुठून, हे ठरवणारे दुसरे.

सर्वांच्या वर राष्ट्रपती. राज्यघटनेच्या ५३ व्या कलमात तिन्ही दलांचं सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे दिलंय. १९५५ पर्यंत सैन्याच्या प्रमुखाला कमांडर-इन-चीफ म्हणत. त्या वर्षी ते नाव काढून चीफ ऑफ आर्मी स्टाफ केलं. नुसता नावाचा बदल वाटतो, पण सेनापतीनं धनी व्हायचं नाही, हे त्यातून पक्कं झालं. आपले शेजारी देश बघा म्हणजे कळेल.

खिलारवाला | रविवार, सकाळी १०:१५

मास्तर, उपमा झकास. पण तुमच्या सबनिसानं फाईल तीन वर्षं दाबून ठेवली तर हवालदारानं काय दगड मारायचे?

आमच्या आटपाडीकडं खरसुंडीच्या बाजारात खिलार घ्यायचं तर दात बघायचा, खांदा बघायचा, चालवून बघायचा, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा आणि संध्याकाळी बैल घरी. मंत्रालयाची रीत अशी: आधी फौजेनं लिहून द्यायचं की बैल कसा हवा, शिंगं किती, वशिंड केवढं. मग मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद ठरवणार की बैल लागतो का नाही. मग टेंडर. मग वाळवंटात चालवून बघ, बर्फात चालवून बघ. मग भावाची समिती. मग अर्थवाले. रक्कम मोठी असली तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढं. तोवर पहिल्या बैलाचे दात पडले.

सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी १०:५०

हसलो. पण खिलारवाले, तुमचा बैल फसवा निघाला तर एक हंगाम जाईल. माझी तोफ वेळेला उडाली नाही तर पोरं जातील. बर्फात चालवून बघायलाच पाहिजे. तक्रार चालवून बघण्याची नाही, मधल्या टेबलांची आहे. तिथं तुमच्या बाजूनं.

आणि सगळंच रखडतं असंही नाही. पिनाका रॉकेट आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं केलं. कारगिलला ते होतं.

हळदीचा_पेठकर | रविवार, दुपारी १२:२०

साताऱ्याचे लोक एवढं बोलतायत आणि यशवंतराव चव्हाणांचं नाव अजून कुणी काढलं नाही? १९६२ च्या नोव्हेंबरात चीनचं युद्ध अंगावर आलेलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि आपला माणूस संरक्षणमंत्री झाला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री. उत्पादनाचा वेगळा विभागही त्याच नोव्हेंबरातला. ते मूळचे देवराष्ट्र्याचे, म्हणजे आमच्या सांगलीचे, याची नोंद घ्यावी.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, दुपारी १२:२६

कराडचे. नोंद घेतली नाही.

हळदीचा_पेठकर | रविवार, दुपारी १२:३१

जन्म देवराष्ट्रे. १२ मार्च १९१३. तालुका आता कडेगाव, जिल्हा सांगली.

वाईकर_मास्तर | रविवार, दुपारी १२:५८

१९१३ मध्ये सांगली जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये झाला आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला. म्हणजे जन्म साताऱ्यातच. आता दोघंही जेवून घ्या.

भाद्रपद | रविवार, दुपारी १:०५

संरक्षण मंत्रालयाचं सोडा, आधी ही सरहद्द आखून घ्या.

फौजीची_बायको | रविवार, दुपारी ३:४०

मी नेहमी वाचते, लिहीत नाही. पण तुम्ही सगळे तोफा-विमानांत अडकलात म्हणून लिहिते. आमच्यासारख्या घरात संरक्षण मंत्रालय तोफेतून येत नाही, कागदातून येतं.

माझे सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर सासूबाईंची फॅमिली पेन्शन लावायची होती. आधारवर सासूबाईंच्या नावाच्या शेवटी "बाई" आणि पीपीओवर (पेन्शनच्या हुकुमावर) "बाय". लग्न झालं तेव्हा कुठल्यातरी क्लार्कनं कानाला आलं तसं पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेतल्या घरच्या नोंदींचा कागद) चढवलेलं. तेवढ्या एका वेलांटीपायी सात महिने. एका ऑफिसात म्हणाले आधार बदला, दुसऱ्यात म्हणाले आधार बदलू नका, रेकॉर्ड बदला. प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स, गावातल्या दोघांच्या सह्या. सासूबाईंचं एकच म्हणणं, "त्यो मला बाय म्हणायचा, तेच लिवलं असंल."

नंतर हयातीचा दाखला. मशीनवर अंगठा ठेवला की लाल. जन्मभर भांगलण केलेल्या बाईच्या अंगठ्याला रेषा कुठून येणार? मशीनवाला म्हणतो, हात धुऊन या. धुऊन धुऊन अंगठा झिजला. शेवटी चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय आलीय, ती नणंदेच्या मुलानं मोबाईलवर अंगणात उभं करून पाच मिनिटांत केली. दर नोव्हेंबरात आता तो भाचाच आमचं मंत्रालय.

सुभेदार_निवृत्त | रविवार, दुपारी ४:१५

ताई, बरं केलंत लिहिलंत. वाचणाऱ्या सगळ्या फौजींना हात जोडून विनंती. नोकरीत असतानाच बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये आणि आधारवर अक्षराला अक्षर जुळवून घ्या. सुट्टीवर आल्यावर पहिलं हे काम, मग हुरडा.

वाटा पण सांगून ठेवतो, कारण लोक चुकीच्या दारात उभे राहतात. नावात, तारखेत चूक: तुमच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. पेन्शनचा आकडा: स्पर्श (पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था), त्याच्या मागं प्रयागराजचं लेखा कार्यालय. दवाखाना: ईसीएचएस, २००३ पासून. हे सगळं शेवटी संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली. पण आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो ते साताऱ्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं. तिथल्या माणसावर स्पर्शसाठी ओरडून उपयोग नाही. तो मदत करील, अर्ज भरून देईल, पण चावी त्याच्याकडं नाही. आणि कुठंच न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्यानं झालेलं.

फौजीची_बायको | रविवार, दुपारी ४:३२

ही यादी सात महिन्यांपूर्वी कुणी दिली असती तर!

कोरेगावचा_ऑडिटर | रविवार, सायंकाळी ६:००

ताईंच्या मुद्द्याला आकडा जोडतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाला सुमारे ६.८१ लाख कोटी. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी नुसते पेन्शनचे. नवी शस्त्रं, विमानं, जहाजं या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. म्हणजे तोफांचं खातं आणि पेन्शनचं खातं जवळजवळ खांद्याला खांदा लावून चाललंय. बाकीचा मोठा वाटा पगार, रेशन, इंधन, दुरुस्तीत. सबनिसाला झोप का लागत नाही ते यातून कळावं.

पहाटेचा_धावपटू | रविवार, सायंकाळी ६:४५

आणि त्यावर काढलेला उपाय म्हणजे आम्ही. अग्निवीर. चार वर्षं, त्यातले फार तर २५ टक्के पुढं, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. शेवटी हातात व्याज धरून सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही.

मी वडूजच्या अकॅडमीत आहे. आता आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग रॅली. सोळाशे मीटर काढतोय, पेपरमध्ये अडकतोय. मला एवढंच विचारायचंय, हा निर्णय फौजेचा का मंत्रालयाचा? घरचे म्हणतात शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळू दे.

सुभेदार_निवृत्त | रविवार, सायंकाळी ७:२०

बेटा, योजना २०२२ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केली. धोरण सरकारचं. भरतीची रॅली, मैदान, मेडिकल हे आर्मीचं, आपल्याला कोल्हापूरचं भरती कार्यालय. त्या कार्यालयातल्या सुभेदाराला शिव्या घालू नकोस, त्याच्या हातात फक्त स्टॉपवॉच असतं.

माझं वैयक्तिक मत विचारशील तर चार वर्षांत युनिटचं नाव अंगात भिनतं का, याबद्दल मला शंका आहे. पण मी पोरं शिकवलेलं जुनं खोड, माझं मत तसंच असणार.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, सायंकाळी ७:५०

सुभेदारसाहेब, मला उलट वाटतं. फौजेचं सरासरी वय कमी करायला हवं, हा मुद्दा कारगिलनंतरचाच आहे. चार वर्षं घरच्या शेतावर आणि एमआयडीसीत घालवण्यापेक्षा फौजेत गेलेली काय वाईट? वाद पेन्शनचा आहे, तो वेगळा लढा.

पहाटेचा_धावपटू | रविवार, सायंकाळी ७:५३

दादा, तुमचं वय काय?

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, सायंकाळी ७:५५

५४. :( मुद्दा पोचला.

हळदीचा_पेठकर | रविवार, रात्री ८:३०

२०१९ च्या महापुराचं आठवलं. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी पन्नास फुटांच्या वर. आम्ही गच्चीवर. पहिली बोट आली ती नारिंगी कपड्यांची, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल). दुसऱ्या दिवशी आर्मीची आली, नेव्हीचे लोक पण गल्लीत फिरत होते. आमच्या आजीनं आर्मीच्या जवानाला हळदीचं दूध देऊ केलं आणि नारिंगीवाल्याला विचारलं, "तू कुणाचा?" तो बिचारा म्हणाला, "आजी, मी पण सरकारचाच." आजीचा विश्वास बसेना. हिरवा ड्रेस म्हणजे फौज एवढंच तिला माहीत.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, रात्री ८:५०

एनडीआरएफ गृह मंत्रालयाची, तुमच्याकडे येते ती तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याची. फौज मात्र आपणहून येत नाही. नागरी प्रशासनानं मागणी केली की येते आणि काम झालं की परत जाते. आजींना सांगा, नारिंगीवाल्यातही बीएसएफ, सीआरपीएफमधून आलेले जवान असतात. म्हणजे येरळाकाठांचा भाऊ उद्या त्या बोटीत असू शकतो.

कराडची_पोरगी | रविवार, रात्री ९:१५

विषयांतर: सातारच्या सैनिक स्कूलचं काय? तेही संरक्षण मंत्रालयाचंच ना? माझ्या भाचीला सहावीला बसवायचंय. मुलींना घेतात असं ऐकलं.

वाईकर_मास्तर | रविवार, रात्री ९:४०

हो, २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुली घेतात. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा. साताऱ्याची शाळा देशातली पहिली, २३ जून १९६१ ची. मंत्रालयाच्या अधिपत्याखालची सोसायटी ती चालवते, प्राचार्य फौजेतले अधिकारी असतात, जागा-इमारतीचा भार राज्यावर. काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक याच शाळेचे. गणित पक्कं करून घ्या भाचीचं.

माण_खोऱ्यातला | रविवार, रात्री १०:२०

एक टोचणारी गोष्ट लिहू का? आमच्या शेजारच्या गावात सीआरपीएफचा जवान गेला, तिरंग्यात आला, बंदुका वाजल्या. नंतर त्याच्या घरच्यांना कळलं की २००४ नंतरच्या भरतीला जुनी पेन्शन नाही, फौजेला मात्र आहे. वन रँक वन पेन्शन (एका हुद्द्याला, सारख्या सेवेला सारखी पेन्शन) पण फौजेलाच. गावानं कमानीवर शहीद लिहिलं. तो शब्द सरकारी कागदात ना याच्याकडं ना त्याच्याकडं. दोन्ही मंत्रालयांनी २०१७ ला माहिती आयोगापुढं तसं सांगितलंय. मंत्रालयाची हद्द पारावर गमतीची वाटते, दारात लागते.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:०५

खरं आहे. माझ्याकडं याला उत्तर नाही. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला जाऊन या कधी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ गेले. दगडावर कोरताना इंग्रजानं खातं लिहिलेलं नाही.

येरळाकाठ | पुढचा रविवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा गावी गेलो होतो, सगळं वाचून, छातीत हवा भरून. मास्तरांचा हवालदार-सबनीस-कारखानीस सांगितला, तो सगळ्यांना पटला. भाच्याला म्हणालो तू कारखानीस. तो खूश, म्हणाला व्हिजिटिंग कार्डावर घालतो.

बीएसएफवाल्याला वाटण्या समजावल्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पाकिस्तानच्या बाजूनं गोळी आली की ती आधी विचारणार, तू गृह का संरक्षण?" मराठावाला भाऊ उठला आणि त्याच्या पुढ्यात स्वतःचा तंबाखूचा बटवा ठेवला. विषय तिथं मिटला.

चुलत्यांचा मात्र नवीनच निघाला. त्यांच्या नोकरीत बॉर्डर रोड्सचा पैसा यायचा रस्ते खात्यातून आणि हुकूम चालायचा फौजेचा. २०१५ मध्ये सगळं संरक्षणकडं आलं तेव्हा ते घरी बसलेले. आता त्यांचा प्रश्न आहे, "झोजिलाला ढिगाऱ्याखाली माझा गुडघा गेला १९९६ ला. तो गुडघा कुठल्या मंत्रालयाचा?"

सुभेदारसाहेब, कागद त्यांच्याकडं सगळे आहेत. फोटो काढून पाठवू का?

सुभेदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ५:५०

पाठवा. डिस्चार्जचं पान आधी. आणि त्यावर त्यांचं नाव आधारसारखंच आहे का ते बघून घ्या.